पेपरातलं पथ्य

डाव्या हातात दोन सुया असल्या की तो हात हलवता येत नाही. म्हणून हे सगळं मी उजव्या हाताच्या अंगठ्याने, मोबाइलवर लिहिलं आहे. थकले की थांबायचे, आणि मी लवकर थकते. मध्येच कुठे धागा तुटलेला वाटला तर तो तसाच राहू दिला आहे. ज्यांच्या घरात नुकतंच कुणाच्या किडनीचं निदान झालं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. यात मी काय खाते तेही येईल. ते माझ्यासाठी आहे. ते बघून तुम्ही खायला लागू नका, एवढं आधीच सांगून टाकते.

मी वैशाली. शहाद्यात राहते. लोणखेड्याच्या शाळेत मराठी शिकवते. ‘शिकवत होते’ म्हणायला अजून जीभ वळत नाही. माझा नवरा जगदीश, त्याचं शेतीपंप दुरुस्तीचं दुकान आहे. सासर ब्राह्मणपुरीचं. तिथली केळी आणि ऊस मोठे दीर आणि ज्योतिभाभी बघतात. मुलगी लग्न होऊन सुरतेला असते.

*

निदानाच्या आधीचं वर्षभर मी सगळं ॲसिडिटीवर ढकललं. सकाळी ओकारी आली की ॲसिडिटी. पाय सुजले की वर्गात उभं राहून. धाप लागली की वजन वाढलंय. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण होतं आणि प्रत्येक कारणाला पेपरात एक उपाय होता. थंड दूध, सब्जा, सकाळी कोमट पाणी. मी निष्ठेने सगळे केले.

शेवटी शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, “वैशाली, तुझा चेहरा सुजलाय, आरशात बघत नाहीस का?” दुसऱ्याच दिवशी आम्ही नंदुरबारला गेलो. रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “तुमच्याबरोबर कोण आलंय?”

जगदीश बाहेर मोटारसायकलला सावली शोधत होता. तो हेल्मेट हातात धरून आत आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकी साधी घाई होती की मला त्याची दया आली. मला कळून चुकलं होतं, त्याला अजून नाही.

दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या होत्या. बीपी वर्षानुवर्षं आत आपलं काम करत होतं आणि मी कधी तपासलंच नव्हतं. डायलिसिस सुरू करावं लागेल, डॉक्टर म्हणाले. मग फिस्टुला, म्हणजे सुया टोचता याव्यात म्हणून हातातल्या शिरेची छोटी शस्त्रक्रिया, मग पुढे बघू. ते बराच वेळ बोलले. जगदीशने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “साहेब, जेवणात काय द्यायचं हिला?”

“ते आहारतज्ज्ञ मॅडम सांगतील,” डॉक्टर म्हणाले. मॅडम आठवड्यातून एकदा यायच्या, आणि तो दिवस त्यांचा नव्हता.

त्या मधल्या दिवसांत पेपर आमच्या घरात शिरला. म्हणजे तो आधीपासून येतच होता, पण आता डॉक्टर होऊन आला.

*

ज्योतिभाभी मला लग्नापासून धाकट्या बहिणीसारखं वागवतात. त्यांना बातमी कळली त्या संध्याकाळपासून त्यांनी आरोग्य पुरवण्यांची कात्रणं जमवायला सुरुवात केली. दर रविवारी ब्राह्मणपुरीहून कुणी शहाद्याला येणारं असलं की त्याच्या हाती पिशवी यायची. पिशवीत गावचं काहीबाही आणि कात्रणं. ‘किडनी शुद्ध करणारे रस’. ‘हे खा आणि डॉक्टर विसरा’. केळीच्या खोडाचा रस तर शेत आपलंच असल्यामुळे बाटलीतच आला होता.

मी फोनवर म्हटलं, “भाभी, विचारल्याशिवाय कसं घेऊ?”

“पेपरमा छापेल शे वैशाली,” त्या म्हणाल्या. “खोटं थोडंच छापतीन?”

रस मी घेतला नाही. शहाणपणापेक्षा भीती जास्त होती. पण भीतीसाठीही पेपरात लेख होतेच. डाळ बंद, दूध बंद, पनीर तर विषच, असं एका लेखात होतं. तो लेख मला खरा वाटला, कारण तो काहीतरी सोडायला सांगत होता आणि त्या दिवसांत सोडणं म्हणजेच पथ्य असं मला वाटायचं. मी भात आणि उकडलेल्या दुधीवर राहिले. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

आहारतज्ज्ञ मॅडम मध्येच रजेवर गेल्या होत्या; डायलिसिस सुरू होऊन महिना झाल्यावर त्यांची गाठ पडली, तेव्हा त्यांनी माझा दंड चिमटीत धरून बघितला. “काय खाताय तुम्ही?”

मी अभिमानाने सांगितलं.

“अहो, डायलिसिसमध्ये प्रथिनं निघून जातात. तुम्हाला ती भरून काढायची आहेत. हे डाळ-पनीर बंद कुणी सांगितलं?”

मी कात्रण दाखवलं. त्यांनी वाचलं. “हे बरोबर लिहिलंय,” त्या म्हणाल्या, “पण ज्यांचं डायलिसिस अजून सुरू झालेलं नाही त्यांच्यासाठी. तसं यात कुठेच म्हटलेलं नाही.”

घरी येताना एसटीत मी तो लेख पुन्हा वाचला. खरंच, कुठेच म्हटलेलं नव्हतं. शाळेत मी उतारा देते आणि खाली पहिला प्रश्न असतो, हे कोण कोणाला म्हणाले? इतक्या वर्षांत तो प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता.

*

डायलिसिसच्या दिवसाला स्वतःचा असा एक कंटाळा असतो. सकाळी शहाद्याहून बस. प्रकाशा गावाजवळच्या नदीच्या पुलावर बस आली की खिडकीतून वारा येतो, तेवढाच काय तो आनंद. दवाखान्यात वजन. मागच्या वेळेपासून किती पाणी साठलं ते काट्यावर कळतं आणि सिस्टर नुसत्या बघतात. मग सुया. मग मशीनचा आवाज आणि छत.

तहान ही या आजारातली सगळ्यांत अपमानाची गोष्ट आहे. नंदुरबारच्या उन्हात घोट मोजून प्यायचा. जगदीशने बर्फाचा एक खडा तोंडात ठेवायची युक्ती शोधली. तो खडा विरघळेपर्यंत मी डोळे मिटून पडून राहायचे. त्या वेळी कुणी बोललेलं मला चालायचं नाही.

शेजारच्या खाटेवर रफिकभाई असायचे. नंदुरबारमध्येच त्यांचं कापूस पिंजून गाद्या भरायचं दुकान, आता मुलगा बघतो. साखरेने त्यांचे डोळेही अधू झाले होते. मी बॅगेतून पेपर काढला की ते मान वळवायचे.

“टीचर, जोर से पढ़ो ना. अपना भी टाइम जाएगा.”

म्हणून मी मोठ्याने वाचायला लागले. आधी बातम्या, मग भविष्य, मग खाण्यापिण्याचं पान. आम्हा दोघांनाही न चालणाऱ्या पदार्थांच्या पाककृती वाचताना ते हसायचे. एकदा नारळपाण्यावरचा लेख संपल्यावर म्हणाले, “लिखनेवाले ने हम को देखा नहीं कभी.”

*

मीठ मात्र आमच्यासाठीच लिहिल्यासारखं आलं.

उन्हाळा वाढला होता. रविवारच्या पुरवणीत बीपीवर लेख होता. नेहमीचं मीठ सोडा, कमी सोडियमचं मीठ वापरा, रक्तदाब आटोक्यात राहतो. लिहिणाऱ्या आहारतज्ज्ञ होत्या, खाली नाव, पदवी, ईमेल सगळं व्यवस्थित. चमत्कार नाही, डॉक्टर विसरा नाही. जगदीशने तो लेख दोनदा वाचला. माझा आजार बीपीमुळे झाला हे त्याला पाठ होतं. संध्याकाळी तो बाजारातून ते मीठ घेऊन आला आणि माझ्या ताटात त्याने स्वतः भाजी वाढली.

“आता जरा चवीने खा,” तो म्हणाला.

कितीतरी महिन्यांनी जेवणाला चव आली होती. किंचित कडवट, पण खारट. त्याच दिवशी भाभींचाही फोन आला, त्यांनीही तोच लेख वाचला होता. तिघांना एकदम पटलेली ही पहिलीच गोष्ट.

काही दिवसांनी सकाळी बस पकडायला गेले तर पायरीवर पाय उचलेना. दुखत नव्हता, नुसता उचलतच नव्हता. कंडक्टरने वरून हात दिला, मागून जगदीशने; त्या दिवशी नशिबाने तो बरोबर होता. मला वाटलं अशक्तपणा. पूल ओलांडताना छातीत काहीतरी अडखळलं, सुटलं, पुन्हा अडखळलं. मी जगदीशला सांगितलं नाही. त्या दिवशी नशिबाने तो बरोबर होता.

दवाखान्यात सिस्टरने माझ्याकडे बघितलं आणि वजनाच्या काट्याकडे नेण्याऐवजी सरळ खाटेवर झोपवलं. ईसीजीची पट्टी बाहेर आली तसे डॉक्टर धावत आले. मला आठवतं ते एवढंच की इंजेक्शन देताना कुणीतरी माझ्या कपाळावर ओला रुमाल ठेवला होता, आणि माझ्या आधी ज्यांचा नंबर होता त्या रफिकभाईंनी सिस्टरला म्हटलं होतं, “पहले उनको लगाव मशीन. मैं बैठता.”

संध्याकाळपर्यंत मी माणसात आले. रक्तात पोटॅशियम फार वाढलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, केळी खाल्ली? पपई? नारळपाणी? नाही, नाही, नाही. योगायोगाने त्या दिवशी आहारतज्ज्ञ मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, “मीठ कोणतं वापरता?”

जगदीशने नाव सांगितलं. सांगताना त्याचा आवाज जरा उंचच होता, जसं आपण केलेलं एक चांगलं काम सांगतो.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “भाऊ, त्यात सोडियम कमी करून त्याच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. यांच्या किडन्या ते बाहेर टाकू शकत नाहीत. ते रक्तात साठतं आणि हृदय थांबवतं.”

जगदीश उठून बाहेर गेला.

*

घरी आल्यावर त्याने ते पाकीट मोरीत ओतलं. पाकिटावर बारीक इंग्रजी अक्षरात लिहिलेलं होतं की किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारून वापरावं. आम्ही दोघांनी ते मोरीशेजारी उभं राहून वाचलं.

त्यानंतरचे दिवस आजारापेक्षा वाईट होते. तो मला पाण्याचा पेलासुद्धा हातात देईना. स्वयंपाकघरात पाऊल टाकेना. दुपारी दुकानातच काहीतरी खायचा. मी विचारलं तर म्हणायचा, “भूक नही.” एका दुपारी मीच दुकानात गेले. पंप उघडून तो तसाच बसला होता.

“मीच आणं ते मीठ,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “तू माले काही बोलत बी नही.”

“काय बोलू? पेपरमा व्हतं.”

“रागाव तरी एखादा डाव.”

मला राग आला होता, पण त्याचा नाही. आणि खरं सांगायचं तर रागवायला लागते तेवढी शक्ती नव्हती. मी त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसून राहिले. गिऱ्हाईक आलं तेव्हा आम्ही दोघंही रडत होतो, तो माणूस बिचारा मागच्या पावली परत गेला.

*

तो लेख मी जपून ठेवला होता. बरं वाटल्यावर उतारा तपासावा तसा वाचला. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, हेच मला सगळ्यांत जड गेलं. खोटं असतं तर मी ओळखलं असतं, निदान भाभींना सांगू शकले असते की हे सोडून द्या. बीपी असलेल्या, पण किडनी निरोगी असलेल्या माणसासाठी तो चांगला लेख होता. पण हे मीठ कुणी घेऊ नये, ते त्यात नव्हतं. सोडियमच्या जागी काय येतं, तेही नव्हतं. काय काढलं ते सांगितलं होतं, काय घातलं ते नाही.

तेव्हापासून रफिकभाईंसाठी वाचताना मी प्रश्न विचारत वाचायला लागले. हे कोणासाठी लिहिलंय? किती खायचं ते सांगितलंय का, की नुसतं ‘भरपूर’? कोणी खाऊ नये? लिहिणारा सांगतोय की विकतोय? शेवटी दहापैकी मार्क. रफिकभाई फार कडक परीक्षक निघाले. शेवग्याच्या पाल्यावरच्या लेखाला त्यांनी भोपळा दिला, कारण त्यात तो प्रत्येक आजारावर होता. “जो सब के वास्ते है, वो किसी के वास्ते नहीं,” म्हणाले. आंब्यावर एका कोपऱ्यात चार ओळी होत्या. साखर असेल तर किती, किडनी असेल तर आधी विचारा. त्याला सात मिळाले. त्याच्या वरचा लेख आम्हाला अजून सापडलेला नाही.

सिस्टर हसायच्या. पण मला त्यात शाळेत असल्यासारखं वाटायचं, आणि मशीनचे तास सरायचे.

*

मिठाच्या लेखाखालच्या ईमेलवर मी लिहिलं. काय झालं ते, साधं. उत्तराची अपेक्षा नव्हती. आठवडाभराने फोन आला. आवाज कोवळा होता, माझ्या मुलीच्या वयाचा.

“मॅडम, मी तो लेख लिहिला होता,” ती म्हणाली. “किडनीच्या रुग्णांनी वापरू नये, हे मी लिहिलं होतं. शेवटच्या दोन ओळी होत्या. जागा कमी पडली की खालून कापतात.”

मी मग विचारलं, “इतकं महत्त्वाचं होतं तर ते खाली का लिहिलंस?”

“वर लिहिलं की लोक पुढे वाचत नाहीत, असं सांगतात आम्हाला.” ती थांबली. “आणि मला वाटलं, शेवटी लिहिलं तरी चालेल. मला खरंच वाटलं चालेल.”

मी मनात वाक्यं तयार ठेवली होती. वर्षानुवर्षं पोरांना झापलं आहे, वाक्यांची कमी नव्हती. पण ती पलीकडे रडत होती आणि मी फार थकले होते. मीच तिला म्हटलं, “मी आहे अजून. पुढच्या वेळी वर लिही.”

पुढच्या पुरवणीत आतल्या पानावर एक चौकट आली. मीठ बदलण्याआधी किडनी आणि हृदयाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारावं. मी रफिकभाईंना वाचून दाखवली.

“अच्छा किया लड़की ने,” ते म्हणाले. मग छताकडे बघत राहिले. “मगर टीचर, जो उस दिन का पढ़ के निकल गए, वो ये वाला पढ़ेंगे क्या?”

मी एका हाताने पेपरची घडी करून तो पोटावर ठेवला.

*

चौकट भाभींनीही वाचली. या वेळी कात्रण आलं नाही. फोनही नाही. त्या स्वतःच आल्या, सकाळच्या बसने, माझ्या डायलिसिसच्या दिवशी. आल्या त्या सरळ जगदीशला म्हणाल्या, “आज मी जास हिन्यासोबत. तू दुकान उघड.”

नंदुरबारला मला मशीन लागल्यावर त्या मॅडमच्या खोलीबाहेर जाऊन बसल्या. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला मॅडमकडून नंतर कळलं. भाभींनी आत जाऊन पहिलंच वाक्य म्हटलं होतं, “मॅडम, काय खावानं नही ते मी भरपूर वाची लिधं. आते ती काय खाई शकस, ते सांगा.” आणि मग भाजीगणिक विचारत बसल्या. दुधी कशी, कोबी किती, बटाटा चिरून किती पाण्यात उकळायचा, ते पाणी टाकायचं की नाही. मॅडमच्या जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी भाभींनी माझ्या सगळ्यांत आवडीचं विचारलं, “आणि भरीत?”

परतीच्या बसमध्ये माझं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं.

घरी पोचल्यावर मी आडवी झाले. डायलिसिसनंतर अंगातून सगळं काढून घेतल्यासारखं होतं, तशीच पडून होते. स्वयंपाकघरातून वांगी भाजल्याचा वास आला. मग मिरची आणि लसणाचा. मी डोळे उघडले नाहीत, उघडले तर तो वास जाईल असं वाटलं.

ताटात दादर ज्वारीची भाकरी होती आणि लहानशा वाटीत भरीत. शेंगदाणे नाहीत, मीठ चिमटीभर, नेहमीचं. जगदीश दारात उभा होता. मी पहिला घास घेतला. जगदीश आत आला, माझ्यासमोर पाट ओढून बसला आणि त्याने स्वतःसाठी भाकरी मागितली. मिठाच्या प्रकारानंतर तो पहिल्यांदाच माझ्याबरोबर जेवायला बसला होता.

वाटी केव्हा संपली कळलं नाही. आजारी पडल्यापासून मी कधीच काही मागून घेतलं नव्हतं. त्या दिवशी वाटी पुढे केली.

भाभींनी माझ्याकडे बघितलं. ज्या बाईने जन्मभर मला ‘आणखी घे, आणखी घे’ म्हणत वाढलं, तिचे डोळे भरून आले होते. त्यांनी भरताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

“नही,” त्या म्हणाल्या. “मॅडमनी एकच वाटी सांगेल शे.”